सातबाऱ्यावरची नागीण

पेण तालुक्यात जमीन विकायला काढली की गिऱ्हाइकाच्या आधी भाऊबंद येतात. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, मुंबई आणखी जवळ सरकली आणि ज्यांनी जन्मात नांगराला हात लावला नाही अशांनाही आपल्या वरकस जमिनीची स्वप्नं पडू लागली. भाव ठरतो, इसार घेतला जातो, पेढे वाटून होतात. मग कोणीतरी ताजा सातबारा काढतं आणि त्यावर एक अनोळखी नाव निघतं. पणजोबा गेले तेव्हाच्या वारसनोंदीत, कुठल्याशा फेरफाराने चढलेलं. हा गृहस्थ चाळीस वर्षांत ना गणपतीला आला, ना शिमग्याला, ना कोणाच्या तेराव्याला. त्याने कधी भात मागितलं नाही, आंबा मागितला नाही. आता तो डोंबिवलीहून सकाळच्या गाडीने उतरतो, ओटीवर बसून चहा पितो आणि अत्यंत शांतपणे विचारतो, "माझ्या सहीशिवाय कसं होईल?"

गागोदे बुद्रुक याच तालुक्यातलं. या गावाचं जमिनीशी नातं मात्र जरा निराळं आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी इथे विनायक नरहरी भावे जन्माला आले. त्यांनाच पुढे जग विनोबा म्हणून ओळखू लागलं. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांना पहिलं १०० एकरांचं दान मिळालं आणि मग ते वर्षानुवर्षं पायी हिंडत लोकांना सांगत राहिले की तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा, माझा वाटा द्या. लोकांनी दिला. विचारून सहावा मुलगा होण्याचं हे बहुधा जगातलं एकमेव उदाहरण असावं. बाकीचे सहावे न विचारताच येतात.

त्यांतलं सर्वांत चिवट घराणं हर्पीस विषाणूंचं. माणसाच्या वाट्याला या घराण्यातले आठ जण आले आहेत. एकाच्या दोन जाती वेगळ्या धरल्या तर नऊ. कांजिण्या आणणारा त्यांतलाच, ओठावर फोड आणणाराही त्यांतलाच. माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा साधारण साठ लाख वर्षांपूर्वी फुटल्या, तेव्हा ओठावरच्या फोडांचा विषाणू आपल्या पूर्वजांच्या अंगात होताच, असं जनुकांच्या तुलनेवरून दिसतं. मिळकत शब्दशः वडिलोपार्जित. सर्वांचा बाणा एकच: एकदा नाव चढलं की ते कमी होत नाही.

आता एखादे पासष्टीचे काका घ्या. गिरणगावातून ठाण्याला, ठाण्यातून डोंबिवलीला सरकलेले, पण गणपतीला गावी हटकून येणारे. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण दशकाहून अधिक काळ चालू असल्यामुळे पेणपर्यंत पोचताना प्रत्येक प्रवाशाच्या मणक्यांची गणती होते. तेव्हा घरी आल्यावर काकांची उजवी कूस दुखू लागली यात कोणालाच नवल वाटलं नाही. खड्डे! दुसऱ्या दिवशी दुखणं बरगडीखालून पोटाकडे आलं. आता ती उसण ठरली. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक दिला, हिंगाचं पाणी झालं, बाम झाला. शेजारच्यांच्या मते गॅस, कारण मोदक अकरा. रात्री काकांना घाम फुटला तेव्हा मुलाने गाडी काढली आणि पेणला नेऊन छातीचा आलेख काढून आणला. तो इतका उत्तम निघाला की डॉक्टरांनी काकांचं अभिनंदन केलं. अभिनंदन झालं तरी दुखायचं थांबेना. कातडीला सदऱ्याचा स्पर्श सोसेना, आणि वर काहीच दिसेना, त्यामुळे काका नाटक करत आहेत या निष्कर्षापर्यंत घर येऊन ठेपलं.

हा सगळा घोळ पुस्तकी आहे. नागीण उठण्याआधी दोन-चार दिवस नुसती वेदना होते, आणि ती कुठल्या पट्ट्यात आहे त्यावरून तिला हृदयविकार, पित्ताशयातला खडा, मूतखडा, सरकलेली चकती अशी नावं मिळत जातात. मोठमोठ्या शहरांतल्या डॉक्टरांनाही ती चकवते. उसण म्हणणाऱ्यांनी कमीपणा वाटून घेऊ नये.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंना काकांच्या पाठीवर लालसर चट्टे आणि त्यावर मोत्याएवढ्या पाणीदार पुळ्यांचे झुपके दिसले. "रात्री अंगावरून काहीतरी फिरलंय," असं पहिलं निदान झालं. दुसरं निदान आळीतल्या आजींनी उंबऱ्यातूनच, चष्मा न लावता केलं. "नागीण आहे. तोंड कुठवर आलंय ते बघा आधी."

आणि इथून पुढे घरात जी धावपळ सुरू होते तिला तोड नाही. नागिणीचं तोंड आणि शेपटी जुळली, विळखा पुरा झाला, की माणूस संपला, हे महाराष्ट्रात पाळण्यातल्या मुलालाही माहीत असतं. त्यामुळे रोज सकाळी पाहणी होते. पाठीकडून नातू, पोटाकडून काकू. मध्ये किती बोटं अंतर उरलं याची माहिती पुण्याला मुलीला कळवली जाते. काका स्वतः हात वर करून भिंतीकडे तोंड करून उभे असतात आणि आपलं मृत्युपत्र कुठल्या ट्रंकेत आहे ते आठवत असतात.

विळखा पुरा होत नाही. कधीच होत नाही म्हटलं तरी चालेल. मज्जारज्जूमधून नसांच्या एकतीस जोड्या निघतात, आणि प्रत्येक जोडीतली उजवी नस उजव्या अंगाचा पट्टा सांभाळते, डावी डाव्या. पट्टा पाठीच्या कण्यापासून निघतो तो बरगडीच्या कडेने पुढे येऊन छातीच्या किंवा पोटाच्या मधोमध संपतो. विषाणू बहुतेक वेळा एकाच बाजूच्या एकाच नसेत जागा होतो, त्यामुळे पुरळ मध्यरेषेपाशी येऊन थबकतं. शरीरातला हा बांध असा आहे की तो अजून कोणी रात्रीतून चार इंच सरकवलेला नाही, आणि कोकणातल्या बांधांबद्दल असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. फार क्वचित दोन्ही बाजूंना नागीण उठते. तरीही तोंड-शेपटी जुळल्यामुळे कोणी मरत नाही. भ्यायचंच असेल तर नाकाच्या शेंड्यावर पुळी आली की भ्यावं. त्या शेंड्याला आणि डोळ्याला जाणारी नस मुळात एकच, त्यामुळे नाकावरची पुळी म्हणजे डोळा धोक्यात असल्याची खूण. एकोणिसाव्या शतकात जोनाथन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरांनी ती टिपून ठेवली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पण विळख्याची इतकी मोजमापं घेणाऱ्या घरात नाकाकडे कोणी बघत नाही.

उपचार अर्थात सुरू झालेले असतात. दूर्वा आणि तांदूळ वाटून लेप. कोणी गेरू सांगतं. शिवाय पलीकडच्या गावात एक जण नागीण उतरवतो, पैसे घेत नाही, फक्त नारळ. त्याचा गुण हमखास येतो. साध्या नागिणीच्या पुळ्यांवर आठ-दहा दिवसांत खपल्या धरतात आणि दोन ते चार आठवड्यांत कातडी मोकळी होते, मंत्र म्हणा वा न म्हणा. चार आठवड्यांत आपोआप बरा होणारा रोग हाती घेऊन जो मंत्राला बसतो, त्याला अपयश यायचं तर अंगी फार मोठी प्रतिभा हवी. लेपाने गार वाटतं हेही खरंच. पाट्यावरच्या जंतूंनी पुळ्या पिकल्या तर मात्र नारळ कोणाकडून परत मागायचा हा प्रश्न उरतो.

पण मग ती आली कुठून? काकांना कोणी चावलं नाही, कोणाची लागण झाली नाही. ती गावातच होती. अधिक नेमकं सांगायचं तर काकांमध्येच होती, साठ वर्षं.

१९६० नंतरची काही वर्षं डोळ्यांसमोर आणा. काका शाळेत पहिलीत. साथीत अंगावर पुरळ उठलं, लिंबाच्या पाल्यावर निजवलं, आठ दिवस घरात फोडणी बंद. मोठ्यांचा जीव टांगणीला, कारण प्रश्न होता तो देवी की कांजिण्या एवढाच. देवी असेल तर गेलं पोर, नाहीतर उरला तोंडावर खड्ड्यांचा नकाशा. पुढे देवीचा रोगी कळवा आणि हजार रुपये मिळवा अशा पाट्या भिंतींवर रंगल्या, तोवर हा रोग देशात संपत आला होता. भारतातला शेवटचा रोगी १९७५ सालचा, आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातूनच देवीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं.

या दोघांतला फरक मोठा मजेशीर आहे. देवी हा दांडगा रोग. यायचा तो ढोल वाजवत, घर उद्ध्वस्त करायचा आणि निघून जायचा. मागे काही ठेवायचा नाही. वाचलेल्या माणसाच्या अंगात त्याचा मागमूस उरत नसे. म्हणून तर रोगी शोधून, भोवतालच्यांना टोचून त्याला संपवता आलं. कांजिण्यांना त्या मानाने कोणी मोजतच नव्हतं. आठवडाभर खाजवलं, दोन चट्टे राहिले, पोर पुन्हा विटीदांडूला. आणि त्या आठवड्यात, सगळं घर देवी नाहीत म्हणून सुटकेचा श्वास टाकत असताना, कांजिण्यांनी वारसनोंद करून घेतली होती. उद्या जगातल्या सगळ्या मुलांना लस टोचली तरी आज जिवंत असलेल्या कोट्यवधी आजी-आजोबांच्या पाठीच्या कण्यालगत हा विषाणू बसलेला असणारच. त्याला शोधून काढायचं तरी कसं? रोगी तर ठणठणीत आहे.

जागेची निवड दाद देण्यासारखी आहे. कांजिण्यांच्या फोडांतला विषाणू कातडीतल्या नसांच्या टोकांत शिरतो आणि नसेतून उलट्या दिशेने प्रवास करत कण्याच्या दोन्ही अंगांना असलेल्या चेतापेशींच्या गुच्छांपर्यंत पोचतो. रक्तातूनही तो तिथे जात असावा. तिथे गेल्यावर अंगावरचं कवच टाकून देतो. उरतो फक्त डीएनए, त्याची दोन टोकं जोडून एक कडं होतं, आणि त्याच्यावर पेशी स्वतःची हिस्टोन नावाची प्रथिनं गुंडाळून ठेवते, जशी ती आपल्या स्वतःच्या न लागणाऱ्या जनुकांवर गुंडाळते. म्हणजे मूळ मालकानेच कागद नीट बांधून, धूळ बसू नये म्हणून फडताळात ठेवावेत तसं. नवा विषाणू तयार होत नाही, जवळपास कुठलंच प्रथिन बनत नाही, त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना पकडायला काही सापडत नाही. आणि पेशी कुठली निवडली? चेतापेशी. कातडीची पेशी महिन्याभरात झडते, घशातली आजारी पेशी शरीर बिनदिक्कत मारून टाकतं. चेतापेशी मात्र माणसाबरोबर म्हातारी होते, तिचं विभाजन होत नाही आणि तिला मारताना शरीर दहा वेळा विचार करतं, कारण गेली की बदली मिळत नाही. नाव कुठल्या खात्यावर चढवावं हे एवढं बरोबर कळणारा माणूस अख्ख्या महसूल खात्यात मिळणार नाही.

तो अगदी मुका असतो असंही नाही. ओठांवरच्या फोडांचा विषाणू, म्हणजे हर्पीस सिम्प्लेक्स, झोपेतही एक आरएनए भरपूर बनवत राहतो. त्याचं काम काय यावर संशोधकांची कारकीर्दच्या कारकीर्द गेली आहे. कांजिण्यांच्या विषाणूचा असा झोपेतला संदेश पक्का सापडायला २०१८ साल उजाडलं.

कांजिण्या आणि नागीण एकाच मुळाच्या, हा संशय जुना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुडापेस्टचे डॉक्टर बोकाय यांच्या लक्षात आलं की घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की काही दिवसांनी पोरांना कांजिण्या येतात. १९५० च्या दशकात अमेरिकेत टॉमस वेलर यांनी दोन्ही रोगांच्या फोडांतला विषाणू प्रयोगशाळेत वाढवून तो एकच असल्याचं दाखवलं. पण या कथेचा खरा नायक प्रयोगशाळेतला नाही. तो इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर नावाच्या छोट्या गावातला, सर्दी-खोकल्याचं औषध देणारा डॉक्टर आहे. एडगर होप-सिम्प्सन. या माणसाने सोळा वर्षं, १९४७ ते १९६२, आपल्या दवाखान्यात आलेल्या नागिणीच्या प्रत्येक रोग्याची नोंद ठेवली. साडेतीन हजारांच्या आसपास लोकवस्ती, १९२ रोगी. वय किती, पट्टा कोणता, घरात कांजिण्या कोणाला. आपल्याकडे एवढ्या चिकाटीने लोक फक्त कोर्टाच्या तारखा लिहितात.

त्यांनी शेटलंडमधलं येल नावाचं वाऱ्यावादळातलं बेटही गाठलं, कारण चार घरांच्या वस्तीत कोणाचा रोग कोणाकडून आला हे तपासता येतं. आणि १९६५ मध्ये त्यांनी मांडून टाकलं: नागीण बाहेरून येत नाही. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू चेतापेशींत निजून राहतो, मधूनमधून डोकं वर काढायचा प्रयत्न करतो, प्रतिकारशक्ती त्याला दर वेळी दाबते आणि त्या झटापटीत स्वतः ताजीतवानी होते. म्हातारपणी तिचा हात ढिला पडला की एखादा प्रयत्न यशस्वी होतो. चेतापेशींत प्रत्यक्ष विषाणू दाखवणारी साधनं हाती येण्यापूर्वी केवळ वहीच्या जोरावर मांडलेलं हे अनुमान जवळजवळ सगळं खरं निघालं.

येलचा धडा गागोद्यालाही लागू पडतो. गोवराला सतत तेवत राहायला दोन-अडीच लाखांहून मोठी वस्ती लागते. छोट्या बेटावर तो येतो, सगळी पोरं संपवतो म्हणजे सगळ्यांना होऊन जातो, आणि नवं पोर न मिळाल्यामुळे विझतो. कांजिण्यांचा विषाणू हजाराच्या आतल्या वस्तीतही पिढ्यान्पिढ्या टिकतो. पोरं संपली तर तो आजोबांच्या पाठीत थांबतो. वीस वर्षांनी गावात नवी पोरं जन्मलेली असतात, आजोबांना नागीण उठते, पुळीतलं पाणी नातवाच्या हाताला लागतं आणि दोन-तीन आठवड्यांत नातवाच्या अंगावर कांजिण्या. मग शाळेला शिव्या. "तिथूनच आणल्या असणार, त्या पोरांचे हात कोण धुतं?" आजोबाही मान डोलावतात. इथे एक गोष्ट उलटी होत नाही हे सांगितलं पाहिजे: नागीण झालेल्याकडून नागीण होत नाही. कांजिण्या न झालेल्याला, लस न घेतलेल्याला त्याच्याकडून कांजिण्या होतात. तेव्हा काकांना वेगळं ताट-वाटी देण्याची गरज नाही. पुळ्या झाकून ठेवाव्यात, आणि तान्ह्या बाळाला व गरोदर सुनेला दूर ठेवावं.

या घराण्यातले बाकीचे भाऊ निरनिराळ्या ठिकाणी राहतात. ओठांवरचा चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी असलेल्या गुच्छात. जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे दोन-तृतीयांश माणसांमध्ये तो आहे असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज, आणि पुष्कळांना तो लहानपणी मायेच्या पाप्यातून मिळालेला असतो. बारशाला आलेल्या आत्यांची यादी मोठी असते, त्यामुळे नेमकी कोण हे सांगता येत नाही. १९०५ मध्ये हार्वी कुशिंग या शल्यविशारदांनी चेहऱ्याच्या असह्य कळांवर उपाय म्हणून हा गुच्छ हाताळला आणि शस्त्रक्रियेनंतर रोग्यांच्या ओठांवर फोड उठल्याचं नोंदवलं. झोपलेल्याच्या अंगणात खोदकाम केलं की तो उठतो, याचा हा पहिल्या पुराव्यांपैकी एक. एप्स्टाइन-बार नावाचा भाऊ रक्तातल्या ज्या पेशी जुन्या रोगांची आठवण ठेवतात त्यांच्यातच मुक्काम करतो. जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांत तो सापडतो आणि बहुतेकांना त्याचं नावही माहीत नसतं. गोठ्यातही एक आहे. गुरांचा आयबीआर हा रोग हर्पीसच्याच एका भावाचा, आणि तो वळूच्या अंगात असाच दडून राहतो. म्हणून रेतनकेंद्रात वळू दिसायला कितीही देखणा असला तरी त्याची रक्ततपासणी करतात. लग्नाच्या मुलाची एवढी चौकशी होत नाही.

उठतो कशाने? ताप, उन्हाचा तडाखा, पाळी, शस्त्रक्रिया, काळजी, जागरण, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, आणि नागिणीच्या बाबतीत मुख्यतः वय. २०१५ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या चेतापेशींत दाखवलं की पेशीवर ताण आला की तिच्यातली एक ठरावीक यंत्रणा सुरू होते आणि ती विषाणूच्या डीएनएवर गुंडाळलेल्या हिस्टोनांवरची खूण बदलते. फडताळ उघडतं. म्हणजे हा पठ्ठ्या घरातल्या कटकटी कान देऊन ऐकत असतो. ताण म्हणजे काय याची सर्वांत महागडी तपासणी अमेरिकेच्या नासाने केली. अवकाशयानाच्या छोट्या फेऱ्यांवर गेलेल्या ८९ अंतराळवीरांपैकी ४७ जणांच्या, आणि अवकाशस्थानकावर लांब मुक्काम केलेल्या २३ पैकी १४ जणांच्या लाळेत किंवा लघवीत हर्पीस घराण्यातले विषाणू सापडले. निवडून घेतलेली, लोखंडासारखी माणसं. बहुतेकांना लक्षणं नव्हती. तरीही पृथ्वी सोडली तर हे बरोबर.

पेणच्या डॉक्टरांनी पुरळ उठल्याच्या तिसऱ्या दिवशी पाठ पाहिली आणि अॅसायक्लोव्हिर लिहून दिलं. हे औषध गर्ट्रूड एलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगशाळेतलं. एलियनबाईंना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. त्याची खुबी अशी की ते निरोगी पेशीत जवळपास निष्क्रिय राहतं. जागा झालेला विषाणू स्वतःचं एक विकर बनवतो, तेच विकर या औषधाला धार लावतं, आणि धार लागलेलं औषध विषाणूच्या नव्या प्रती तोडतं. चोराकडूनच हातकडी घडवून घ्यायची. मात्र निजलेला विषाणू ते विकर बनवतच नाही, त्यामुळे औषध त्याच्या दारावरून तसंच पुढे जातं. कोर्टाच्या भाषेत, मनाई हुकूम मिळतो. हक्कसोडपत्र मिळत नाही.

आणि हा हुकूम वेळेत आणावा लागतो. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा चांगला उपयोग होतो. गेरू, दूर्वा, नारळ आणि पुण्याच्या मुलीशी सल्लामसलत यांत साधारण तितकेच तास जातात. उशीर झाला तरी पुळ्या बऱ्या होतातच, पण वेदना मागे राहण्याची भीती असते, विशेषतः साठीनंतर. कातडी साफ, डाग पुसट, आणि तरी महिनोन्‌महिने पंख्याच्या वाऱ्यानेही आग व्हावी असं ते दुखणं आहे. नस स्वतःच जखमी झालेली असते. गावात त्याला "नागिणीचं विष राहिलं" म्हणतात, आणि ज्याने ते भोगलं आहे तो या निदानावर हरकत घेत नाही.

काकांच्या डोक्यात मात्र वेगळाच हिशेब चालू होता. "म्हणजे आता आयुष्यभराची सुटका ना? येऊन गेली." डॉक्टर म्हणाले, "काका, पुन्हाही येऊ शकते. ती गेलेलीच नाही." अमेरिकेतल्या अंदाजाप्रमाणे तीनांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी नागीण होते. बाकी दोघांच्या अंगात ती फक्त बसून असते.

लसींची गोष्ट गुंतागुंतीची आहे. कांजिण्यांची लस जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये तयार केली. त्यांच्या स्वतःच्या छोट्या मुलाला कांजिण्यांनी बेजार केलेलं त्यांनी पाहिलं होतं. त्या लसीतला दुबळा विषाणूही चेतापेशींत जाऊन बसतो, पण फार क्वचित उठतो. अमेरिकेने १९९५ पासून ती मुलांना द्यायला सुरुवात केली. इंग्लंड मात्र तीस वर्षं हो-नाही करत राहिलं, आणि त्यामागे होप-सिम्प्सन यांच्याच विचाराचा धागा होता: पोरांच्या कांजिण्या थांबल्या तर आजोबांची प्रतिकारशक्ती मधूनमधून ताजी कशी होणार? नागिणी वाढल्या तर? अमेरिकेत तसा मोठा उद्रेक काही दिसला नाही, आणि शेवटी २०२६ च्या जानेवारीपासून इंग्लंडनेही ती लस मुलांच्या वेळापत्रकात घेतली. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञ ती सुचवतात. सरकारी मोफत लसीकरणात ती नाही. गंमत म्हणजे अंड्यांसाठी वाढवल्या जाणाऱ्या कोंबडीच्या पिल्लाला पहिल्याच दिवशी मारेक नावाच्या रोगाची लस टोचतात, आणि तो रोगही हर्पीसच्याच एका भावाचा. या बाबतीत रायगडातली कोंबडी रायगडातल्या माणसाच्या पुढे आहे.

नागिणीसाठी वेगळी लस आहे, शिंग्रिक्स. तिच्यात जिवंत विषाणू नाही, त्याचं एक प्रथिन आणि प्रतिकारशक्तीला गदगदा हलवणारं एक मिश्रण आहे. ती २०२३ मध्ये भारतात आली, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी. मोठ्या चाचण्यांत तिने नव्वद टक्क्यांहून अधिक संरक्षण दिलं. नागीण होऊन गेलेल्यांनीही घ्यावी असं तज्ज्ञ सांगतात. दोन डोसांचा खर्च पाच आकडी. हा आकडा ऐकल्यावर काकांची वेदना क्षणभर थांबली होती असं काकू सांगतात.

डॉक्टरांनी मग वेल्सची हकीकत काढली. तिथल्या सरकारने नागिणीची जुनी, जिवंत विषाणूची लस देताना एक तारीख ठरवली: २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेले पात्र, आदल्या दिवशीपर्यंत जन्मलेले कायमचे अपात्र. एका दिवसाच्या फरकाने म्हातारे दोन गटांत पडले. सरकारी अटीमुळे ज्ञानात भर पडल्याचं असं उदाहरण विरळाच. संशोधकांनी तारखेच्या दोन्ही बाजूंच्या माणसांची सात वर्षांची कागदपत्रं ताडून पाहिली आणि एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर' नियतकालिकात लिहिलं की लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे एक-पंचमांशाने कमी होतं. असं का व्हावं हे अजून उलगडायचं आहे. झोपलेला विषाणू मेंदूच्या आसपास काही उचापती करतो की काय, ही एक शक्यता. नव्या लसीबद्दल तेच म्हणता येईल का, हा पुढचा प्रश्न. डॉक्टरांनी हे सगळं सांभाळून सांगितलं.

काकूंनी तेवढं सांभाळून ऐकलं नाही. "विसरायचं कमी होत असेल तर ह्यांना आधी द्या," त्या म्हणाल्या. "चष्मा कुठे ठेवला ते रोज मला विचारतात."

पुरळ पुरतं बरं झाल्यावर या, असं डॉक्टरांनी सांगितलं. दिवाळीनंतर पहिला डोस झाला. दुसरा दोन ते सहा महिन्यांच्या आत घ्यायचा. तारीख लक्षात ठेवण्याचं काम काकूंकडे आहे.